रंगाखालचे लाकूड : बसण्याच्या हक्काचा इतिहास

१

आपल्याकडे राजांचा, लढायांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास लिहिला जातो. अलीकडे चळवळींचाही लिहिला जाऊ लागला आहे. परंतु माणूस ज्या वस्तूवर बसला, जिच्यावर निजला, जिच्यात त्याने आपले कपडे आणि आपले कागद ठेवले, त्या वस्तूकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. या जुन्या वस्तूंकडे आज लक्ष आहे ते व्यापाऱ्याचे आणि घर सजवणाऱ्याचे. गावोगावचे वाडे मोडतात. त्यांतले सागवानी खांब, कोरीव दारे, शिसवी पलंग, खुर्च्या आणि पेटारे शहरात जातात. मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची बाजारपेठ ही या व्यापाराची सर्वांना माहीत असलेली ठिकाणे. तेथे जुना रंग खरवडला जातो, भेगांत लांबी भरली जाते, नवे पॉलिश किंवा नवा रंग चढतो आणि कालची अडगळ एखाद्या दिवाणखान्याची शोभा होते. पाहुणे विचारतात, ‘कुठून मिळाली?’ आणि घरमालक अभिमानाने सांगतो, ‘जुन्या वाड्यातली आहे.’

येथे एक प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या वाड्यात या खुर्चीवर कोण बसत होते, आणि तिच्यावर बसण्याची मनाई कोणाला होती?

जुने फर्निचर दुरुस्त करून वापरणे ही गोष्ट वाईट मुळीच नाही. लाकूड वाचते, कारागिराला काम मिळते, पैशाचीही बचत होते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे. ज्या समाजात कोणी कशावर बसावे हे जातीने ठरवले, त्या समाजातले प्रत्येक जुने आसन हा एक दस्तऐवज आहे. दस्तऐवज खरवडण्यापूर्वी तो वाचला पाहिजे. आणि जो समाज आज आपल्या घरात प्रथमच खुर्ची मांडतो आहे, त्याने तर तो सर्वांच्या आधी वाचला पाहिजे.

२

बसण्याचा कायदा आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील २८१वा श्लोक नेमका आसनाविषयी आहे. खालच्या जातीत जन्मलेला मनुष्य वरच्याच्या बरोबरीने एका आसनावर बसू पाहील तर त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करावे, किंवा त्याचा कुल्ला कापावा, असा त्याचा आशय. शिक्षेसाठी निवडलेला अवयव पाहावा. ज्या अवयवाने मनुष्य बसतो, त्यालाच दंड. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात पाण्याचा, विद्येचा आणि धनाचा प्रश्न जसा होता, तसाच हा बसण्याचाही होता.

हा कायदा गावगाड्यात कागदावर लिहिलेला नव्हता. तो वाड्याच्या रचनेतच होता. सदरेवर गादी आणि लोड, ओसरीवर घोंगडी, अंगणात काहीच नाही. ज्याची जशी पायरी तशी त्याची जागा. ‘पायरीने राहा’ हा आपल्या भाषेतला धाक शब्दशः खरा होता, कारण पायऱ्या दगडाच्या होत्या आणि कोणी कोणत्या पायरीपर्यंत यायचे हे सर्वांना पाठ होते. गावकीच्या कामासाठी वाड्यावर गेलेल्या महाराने अंगणाच्या कडेला उभे राहावे, फार तर मातीवर टेकावे. गादी, पाट, बाज, खुर्ची हे शब्द त्याच्या ऐकण्यासाठी होते, वापरण्यासाठी नव्हते.

आमच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडकडे आणि एकूणच मराठवाड्यात घरोघरचे मुख्य फर्निचर म्हणजे बाज. या बाजेची घडण नीट पाहिली तर सारी बलुतेदारी तिच्यात दिसते. तिची चौकट आणि पाय सुताराने घडवायचे. तिचा दोर मांगाने वळायचा. अंबाडी कापून, कुजवून, धुऊन, केकताडाची पाने ठेचून, त्यांचा वाख काढून, मांडीवर पीळ देत देत तो दोर तयार होतो. हाताची सालपटे निघतात. कुजत घातलेल्या वाखाची घाण अंगाला चिकटून राहते. ती घाण दोर वळणाऱ्याच्या जातीला चिकटवली गेली. दोर मात्र पवित्रच राहिला. पाटलाच्या ओसरीवरची बाज मांगाच्या हातच्या दोरावर तोललेली असे, आणि पाटील समोर असताना त्या बाजेवर बसण्याची मुभा मांगाला नव्हती. इतकेच काय, आपल्या स्वतःच्या झोपडीपुढे, आपल्या स्वतःच्या बाजेवर बसलेला मनुष्यही वरच्या जातीचा कोणी वाटेने येताना दिसला की उठून उभा राही. बाज त्याची, दोर त्याचा, अंगण त्याचे; बसणे मात्र दुसऱ्याच्या मर्जीचे.

खुर्ची ही त्या मानाने उशिरा आलेली वस्तू. शब्दही बाहेरून आलेला; मूळ अरबी ‘कुर्सी’. खेड्यात ती रूढ झाली इंग्रजी अंमलात, कचेरीबरोबर. साहेब खुर्चीत, कारकून जमिनीवर बैठकीला, रयत दाराबाहेर. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रज अधिकारी आपल्या मर्जीतल्या प्रतिष्ठितांना ‘कुर्सीनशीन’ असा दाखला देत. साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा मान या मनुष्याला आहे, असे त्यात नमूद असे. ज्यांनी शतकानुशतके इतरांना जमिनीवर बसवले, त्यांनाही साहेबापुढे बसण्यासाठी कागद लागला. हा अपमान त्यांना झोंबला, हे ठीकच झाले. परंतु त्या अपमानातून आपल्या अंगणातल्या उभ्या माणसाची आठवण किती जणांना झाली?

या इतिहासामुळेच आपल्या भाषेत खुर्ची म्हणजे सत्ता. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, खुर्ची सुटत नाही. सत्ता आणि आसन एकच झाले की आसनासाठी रक्तही सांडते. एप्रिल २०१९ मध्ये उत्तराखंडातील टेहरी गढवाल भागात एका लग्नात खुर्चीवर बसून जेवल्याबद्दल एका दलित तरुणाला मारहाण झाली, अशी फिर्याद त्याच्या घरच्यांनी दिली. काही दिवसांनी तो तरुण मरण पावला. ऑक्टोबर २०२० मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातील थेरकू थिट्टै या गावच्या दलित स्त्री पंचायत-अध्यक्षाला सभेत जमिनीवर बसवल्याचे छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले. इतर सभासद खुर्च्यांवर, अध्यक्ष खाली. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला पद दिले होते. खुर्ची देणे घटनेच्या हाती होते, गावाच्या मनात नव्हते.

३

बाबासाहेबांच्या आयुष्याकडेही या दृष्टीने एकदा पाहावे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट नोंदवले आहे. वर्गात इतरांपासून वेगळे बसायचे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे; म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराचे पहिले ‘फर्निचर’ म्हणजे हे गोणपाट. शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत त्याला स्थान नव्हते. ते सरकारचे नव्हते, शाळेचे नव्हते. ते फक्त अस्पृश्य मुलाचे होते.

त्याच टिपणांत पुढे बडोदे येते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आणि लंडनमधला अभ्यास मागे ठेवून बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी सरायीत, पारशी नाव सांगून, त्यांना आसरा घ्यावा लागला. वरच्या मजल्यावर एक लहान खोली आणि बाकी मोठा दिवाणखाना. त्या दिवाणखान्यात काय भरले होते, हे त्यांनी मुद्दाम लिहून ठेवले आहे. फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्या. दिव्याची सोय नव्हती. वटवाघळे फिरत होती. तेथे ते एकटे राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

जगातल्या एका नामांकित विद्यापीठात शिकलेल्या माणसाला या देशाने मोडक्या खुर्च्यांच्या अडगळीत जागा दिली. मोडक्या खुर्चीला घरात ठेवून घेतले होते. माणसाला ठेवून घेतले नाही. जुन्या फर्निचरविषयी बोलताना हा दिवाणखाना आपल्या डोळ्यांपुढून हलता कामा नये.

यानंतर मुंबईला दादरच्या हिंदू कॉलनीत, १९३०च्या दशकाच्या आरंभी, राजगृह उभे राहिले. त्या घराची आखणी बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घालून केली, ग्रंथांसाठी केली. तळमजल्यावरच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू आज पाहायला मिळतात. गोणपाटापासून राजगृहातल्या लिहिण्याच्या टेबलापर्यंतचे अंतर मोजायचे तर ते मैलांत मोजता येत नाही.

४

आता पुन्हा बाजाराकडे वळू. जुनी खुर्ची नवी कशी होते? प्रथम जुना रंग रसायनाने किंवा पत्रीने उतरवतात. मग काचकागदाने घासतात. आधी जाड, मग बारीक. खिळखिळे सांधे सरस घालून आवळतात, भेगा बुजवतात. रंग द्यायचा असेल तर अस्तराचा हात आणि त्यावर रंगाचे हात. लाकूड दाखवायचे असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, थरावर थर.

या प्रत्येक पायरीवर एक माणूस आहे. लाख हा पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या एका किड्याचा स्राव. झारखंड-छत्तीसगढचे आदिवासी ती गोळा करतात. दिवाणखान्यातल्या शिसवी खुर्चीवरची झळाळी तेथून येते. घासण्याचे काम करणारा कामगार बहुधा तोंडाला रुमाल बांधून, बंद गाळ्यात, दिवसभर धूळ खात बसतो. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. जुन्या तैलरंगांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या सरकारने २०१६ साली केला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. म्हणजे त्याआधीचा जुना रंग कोरडा घासताना शिशाची धूळ उडणार हे धरूनच चालले पाहिजे. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक असते, आणि कामगार ती कपड्यांवर घेऊन घरी जातो. पाणी मारून घासावे, नाकातोंडावर नीट बसणारा मुखवटा असावा, कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, एवढेही त्याला कोणी सांगत नाही. वस्तू ‘वाचवली’ म्हणून मालकाचे कौतुक होते. ती वाचवताना कोणाचे फुप्फुस खर्ची पडले, ही नोंद कोठेच होत नाही.

चंदीगढचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५०च्या दशकात त्या नव्या राजधानीच्या कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी पिएर जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आराखड्यांवरून सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या स्थानिक कारागिरांनी बनवल्या. पुढे त्या मोडल्या, गच्च्यांवर ढीग लागले, भंगाराच्या भावात लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, नवा वेत विणून आणि पॉलिश करून युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या. शेवटी २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घालणारा आदेश काढावा लागला. गंमत अशी की या खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने लिहिलेली कचेरीची अक्षरे व्यापारी खरवडत नाहीत. ती अक्षरे खरेपणाचा पुरावा असल्याने किंमत वाढते. म्हणजे कोणती खूण पुसायची आणि कोणती ठेवायची हे बाजाराला चांगले कळते. आराखडा करणाऱ्याचे नाव राहिले, कचेरीचे नाव राहिले. रंधा मारणाऱ्या सुताराचे आणि वेत विणणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

दुसरी एक तऱ्हा आहे. नवा रंग देऊन त्याच्या कडा मुद्दाम घासायच्या, जेणेकरून वस्तू वर्षानुवर्षे वापरून झिजल्यासारखी दिसावी. इंग्लंड-अमेरिकेत १९८०च्या दशकात या तऱ्हेला ‘शॅबी शीक’ असे नाव पडले. आज आपल्याही शहरांत ती आली आहे. ज्यांच्या घरची वस्तू खरोखर झिजली त्यांना तिची लाज वाटायला लावायची, आणि ज्यांनी कधी झीज सोसली नाही त्यांनी ती विकत घ्यायची. गरिबीचे रूप घ्यायचे आणि गरिबी दाराबाहेर ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

खरवडण्याच्या विरोधात जगात पूर्वीही आवाज उठला आहे. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चच्या भिंती तासून नव्या केल्या जात होत्या. त्याविरुद्ध ही चळवळ होती, म्हणून तिला ‘खरवडविरोधी’ असेच टोपणनाव पडले. मॉरिस स्वतः हातकारागीर आणि समाजवादी. प्रत्येक काळाच्या हाताची खूण वस्तूवर राहते, ती काढून टाकली तर उरते ती बनावट, ही त्यांची भूमिका. आपण तिला आपल्या अनुभवाची जोड दिली पाहिजे. आपल्याकडे वस्तूवर काळाची खूण असते, तशी जातीचीही असते.

५

मग आपल्या घरात जुने फर्निचर का नाही?

वाडवडिलांचा पलंग, आजोबांची आरामखुर्ची, पणजीचा पेटारा असे शब्द मध्यमवर्गीय मराठी लेखनात वारंवार भेटतात. दलित आत्मकथनांत ते भेटत नाहीत. आपल्या माणसांना वस्तूंचा लळा नव्हता, असे नाही. जुनी वस्तू टिकायला जुने घर टिकावे लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचे घर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास उचलले जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. गाडीत मावेल तेवढाच संसार. त्यात भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या आणि पत्र्याची पेटी. बाज बहुधा मागेच राहते, वाळवीच्या स्वाधीन. कोपीत खुर्ची कोठे मांडणार?

आणि जे टिकले ते जाळले गेले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पत्रे, धान्य, अंथरुणे, पेट्या, पेट्यांतली प्रमाणपत्रे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या आगीत किती बाजा, किती पाट, किती पेट्या गेल्या याची यादी कोणाजवळ आहे? ज्यांचे वाडे मोडले त्यांच्या वस्तू बाजारात आल्या. ज्यांची घरे जाळली त्यांच्या वस्तूंची राख झाली. म्हणून संग्रहालयात वाड्याचे दार मिळते आणि महारवाड्याची ताटी मिळत नाही.

बाबासाहेबांच्या वस्तूंनाही हे भोग चुकले नाहीत. दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरील ज्या घरी ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेथील कागदपत्रे आणि सामान १९६७ साली घर रिकामे करून घेताना अंगणात टाकले गेले, आणि पावसात कित्येक कागदांचा लगदा झाला. २०१८ साली त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. ते भव्य आहे, परंतु इमारत नवी आहे. उलट नागपूरजवळच्या चिचोलीला, शांतिवनात, त्यांचे टंकलेखन यंत्र आणि कपडे आजही पाहता येतात, याचे कारण साध्या कार्यकर्त्यांनी ते वेळीच मागून घेतले आणि सांभाळले.

आता आपल्या आजच्या घरांकडे पाहू. पहिल्या पिढीचा पदवीधर नोकरीला लागतो, घर बांधतो आणि सोफासेट आणतो. त्याच दिवशी पत्र्याची पेटी माळ्यावर जाते किंवा भंगारवाल्याकडे. आमच्या घरात आलेली पहिली खुर्ची एका कचेरीच्या लिलावातली होती. लोखंडी पाय, फळीची बैठक, पाठीवर पांढऱ्या रंगात कसलासा क्रमांक. वडिलांनी तिला निळा रंग दिला, आणि पुढे दर काही वर्षांनी १४ एप्रिलच्या आधी तिच्यावर निळ्याचाच नवा हात फिरत राहिला. हे रंगवणे आणि शहरातल्या दिवाणखान्यासाठीचे रंगवणे यांत अंतर आहे. तेथे रंग मागचे झाकण्यासाठी असतो. येथे तो हक्क सांगण्यासाठी होता. सरकारी क्रमांकावर चढलेला तो निळा थर म्हणजे आमच्या घराने लिहिलेला बखरीचा एक कागद आहे. असे कागद आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत, आणि आपणच ते रद्दीत घालीत आहोत.

६

यासाठी प्रस्तुत लेखकाच्या काही सूचना आहेत.

पहिली, आपल्या घरातली पहिली खुर्ची, पहिली पेटी, पहिले अभ्यासाचे टेबल भंगारात देण्याआधी तिची नोंद करावी. ती कोठून आली, किती पैशांना, कोणी घडवली, घरात प्रथम तिच्यावर कोण बसले, आणि त्या वेळी गावातून कोणी काही बोलले का, एवढे पाच प्रश्न पुरेसे आहेत. इतिहास आणि मराठीच्या शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांना सुटीत द्यावे. म्हातारी माणसे सांगायला तयार आहेत, विचारणारा हवा.

दुसरी, जुनी वस्तू वापरात ठेवायची तर जरूर दुरुस्त करावी, रंगवावी. परंतु सारा जुना थर उतरवू नये. बैठकीच्या खालच्या अंगाला हातभर जागा जशीच्या तशी ठेवावी आणि तेथे पेन्सिलीने तारीख व नाव लिहावे. सांधा आवळणाऱ्या सुताराचे, दोर वळणाऱ्याचे नावही लिहावे. आणि घासण्याचे काम करणाऱ्याला धुळीपासून जपावे. तो बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो.

तिसरी, तालुक्याच्या गावी जेथे आपले समाजमंदिर किंवा वाचनालय आहे, तेथे एक खोली या वस्तूंसाठी राखावी. तिच्यात काचेची कपाटे नसली तरी चालतील. एक दोराची बाज, ऊसतोडीला जाऊन आलेली एक पेटी, १९७८ च्या आगीतून वाचलेले एखादे भांडे, शाळेत बसायला नेलेले एक गोणपाट, आणि प्रत्येकाजवळ त्याची हकीकत लिहिलेला कागद, एवढ्यावर सुरुवात होईल.

या खोलीत एक नियम मात्र पाळावा. संग्रहालयात ‘वस्तूवर बसू नये’ अशी पाटी असते. आपल्या खोलीत तशी पाटी नसावी. येईल त्या प्रत्येकाला, तो कोणत्याही जातीचा असो, त्या बाजेवर बसू द्यावे आणि मग तिची हकीकत वाचायला सांगावी.